भाच्याने पीडीएफ पाठवलंय, कोलोनोस्कोपी करून घेऊ का?

मागच्या लेखात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचण्यांविषयी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतो. पत्रं थोडी आखडती केली आहेत.

सर, मी परभणीचा, वय ६१, निवृत्त शिक्षक. अमेरिकेतल्या भाच्याने तिथल्या एका संशोधकाचे चार-पाच शोधनिबंध व्हॉट्सॲपवर पाठवले. पंचेचाळिशीनंतर सगळ्यांनी आतड्याची तपासणी करावी, असं तो म्हणतो. मला काही त्रास नाही, घरात कोणाला कॅन्सर नव्हता. कोलोनोस्कोपी करून घेऊ का?

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. भाचा खोटं सांगत नाही. तो अमेरिकेचं सांगतोय. तिथल्या तज्ज्ञांच्या अधिकृत गटाने २०२१ मध्ये ही तपासणी सुरू करण्याचं वय ५० वरून ४५ वर आणलं. पण भारतात या कर्करोगाचं प्रमाण अमेरिकेच्या साधारण एक पंचमांश आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणची तपासणी होते, मोठ्या आतड्याची नाही. त्यामागे दुर्लक्ष नसून हा हिशेब आहे.

ज्या देशांत हा आजार भरपूर आहे, तिथेही फायदा किती होतो ते बघा. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ५५ ते ६४ वयाच्या ८४,५८५ लोकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना चिठ्ठ्या टाकून कोलोनोस्कोपीचं बोलावणं धाडलं, बाकीच्यांना नाही. दहा वर्षांत न बोलावलेल्यांपैकी दर दहा हजारांत १२० जणांना हा कर्करोग झाला, बोलावलेल्यांपैकी ९८ जणांना. म्हणजे एकाचा आजार टळायला ४५५ जणांना बोलवावं लागलं. मृत्यू ३१ च्या जागी २८, आणि तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. दुसरी बाजूही सांगतो. बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्षात ४२ टक्केच आले होते. सगळे आले असते तर फायदा जास्त दिसला असता, असा संशोधकांचाच अंदाज आहे.

त्रास नाही, घराण्यात आजार नाही आणि खर्च खिशातून, अशा स्थितीत मी तुम्हाला कोलोनोस्कोपीचा आग्रह करणार नाही. मनाला रुखरुख असेल तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी ‘फिट’ चाचणी वर्षातून एकदा करा. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं किंवा मुलांपैकी कोणाला साठीच्या आत हा कर्करोग झाला असता तर उत्तर वेगळं असतं. तेव्हा चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा दुर्बीण आत घालून बघावंच लागतं.

लातूरला माझं किराणा दुकान आहे, वय ४७. दोन-तीन वर्षांपासून अधूनमधून संडासवाटे रक्त जातं. मूळव्याधीचं औषध चालू आहे, बरंही वाटतं. लॅबच्या पॅकेजमध्ये तुम्ही लिहिलेली लपलेल्या रक्ताची चाचणी आहे. ती केली तर भागेल का?

नाही. रक्त डोळ्यांना दिसतंय, मग लपलेलं काय शोधायचं? ती चाचणी काहीही त्रास नसलेल्यांसाठी आहे. तुमच्या बाबतीत ती निगेटिव्ह आली तरी उपयोग नाही, उलट खोटा दिलासा मिळेल.

मूळव्याध असेलही. पण आधी हे सांगा, इतक्या दिवसांत कोणी बोटाने आतून तपासलं का? माझ्याकडे येणारे बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. रुग्ण लाजतो, डॉक्टर घाईत असतो आणि मलम लिहून दिलं जातं. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या बसस्टँडसमोर ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ची पाटी असते, तिथेही न बघताच इंजेक्शन देणारे आहेत. आपल्याकडे या कर्करोगात गुदाशयाच्या गाठींचा वाटा मोठा आहे, आणि रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण असतात. खालच्या भागातली गाठ कित्येकदा बोटालाच लागते. त्याला ना यंत्र लागतं, ना पॅकेज.

तेव्हा सर्जनकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे जाऊन आधी हातमोज्याची तपासणी करून घ्या आणि सोबत हिमोग्लोबिन बघा. तुमच्या वयात रक्त जात असेल तर कोलोनोस्कोपीही करायला हवी, मूळव्याध सापडली तरी. शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरलं असेल किंवा हिमोग्लोबिन कमी आलं, तर एक आठवडाही थांबू नका. पुरुषाच्या अंगात लोह कमी पडलं तर ते कुठून गळतंय हे शोधावंच लागतं, नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही.

माजलगाव तालुक्यातून लिहितोय. वय ४८, शेती करतो. दारूला कधी शिवलो नाही, अंगानेही बारीक आहे. सोनोग्राफीत ‘ग्रेड दोन फॅटी लिव्हर’ आलं. एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख ४० हजार. लिव्हर टॉनिक लिहून दिलंय. लिव्हर खराब झालं का?

रिपोर्टचे आकडे लिहून पाठवलेत ते फार बरं केलंत. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी द्रव्यं, आणि प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. चला, गणित करू. सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून चरबी किती हे ढोबळ कळतं, यकृतावर वण किती पडलेत ते कळत नाही. पुढे सिरॉसिस, म्हणजे वणांनी यकृत कडक होऊन निकामी होणं, होणार का, हे त्या वणांवर ठरतं. त्यासाठी ‘फिब-फोर’ नावाचा हिशेब आहे, फुकटचा. वय गुणिले एसजीओटी: ४८ × ४० = १,९२०. आता प्लेटलेट हजारात घ्या, २४०, आणि तिला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणजे २४० × ८ = १,९२०. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की आलं १.

१.३ च्या खाली असेल तर गंभीर वण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर तज्ज्ञाकडे जायचं. मधे कुठे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून बघायची. पासष्टीपुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब फारसा भरवशाचा नाही. तुमचा आकडा आज चिंतेचा नाही. एक-दोन वर्षांनी पुन्हा काढा, साखर आणि कोलेस्टेरॉल मात्र आताच तपासा.

बारीक माणसाला हे कसं झालं, हा प्रश्न रास्त आहे. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात सुमारे १,९०० लोकांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी निघाली, आणि त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या आतच होता. आपल्या लोकांचे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, हे नेहमीचंच चित्र. कमरेभोवती टेप लावून बघा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर ‘मी बारीक आहे’ हे म्हणणं सोडा.

टॉनिकवर पैसे घालवू नका. क्यूबात २९३ रुग्णांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांच्या यकृताची सूज गेली, आणि ४५ टक्क्यांचे वणही कमी झाले. आता याच अभ्यासातली अडचणीची गोष्ट: दहा टक्के वजन उतरवणं दहातल्या एकालाच जमलं. तुमच्यासारख्या सडपातळ माणसाला तीन ते पाच टक्केही पुरतात. चहातली साखर, कोल्ड्रिंक आणि रात्रीची जड जेवणं यांपासून सुरुवात करा. शेतातली मेहनत आता ट्रॅक्टर करतो, म्हणून चालणं वेगळं ठेवा. आणि हो, दारूला शिवला नाहीत, तसेच पुढेही राहा.

आमच्याकडे जिंतूरजवळ काविळीची माळ घालतात. माळ जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते. माझा मुलगा त्यानेच बरा झाला. डॉक्टरलोक हे मानत का नाहीत?

दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ न घालता किती जण बरे झाले, ते मोजल्याशिवाय श्रेय माळेला देता येत नाही. माळेने अपाय नाही, घालायची तर घाला. पोटात जाणाऱ्या जडीबुटीचं तसं नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. बाई गरोदर असेल, रुग्ण बरळत किंवा सारखा झोपत असेल, किंवा रक्त गोठत नसेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

मी हिंगोलीची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका संशोधकाच्या नावावर दोनशेच्या वर शोधनिबंध आहेत, विषय आतडं आणि यकृत. एवढं सगळं वाचायचं कसं? आणि हे सगळं संशोधन परदेशातच का होतं?

संख्येने दबून जाऊ नकोस. दोनशेमध्ये कित्येकदा एकाच रुग्णसमूहाचे दहा तुकडे असतात, आणि वीस लेखकांत एक नाव यांचं असतं. आधी बघ, माणसांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली होती, की जुन्या नोंदी चाळल्या? मग बघ, टक्के कशाचे? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ४६,५५१ लोकांवर झालेल्या शौचतपासणीच्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ मध्ये आला: दर वर्षी तपासणी केल्यास या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. बातमी तेवढीच देतात. मूळ आकडा असा आहे: तेरा वर्षांत दर हजारी ८.८३ मृत्यूंच्या जागी ५.८८. दोन्ही खरे आहेत, पण रुग्णाला सांगताना दुसरा सांगावा.

परदेशाचं म्हणशील, तर नजर जरा शेजारी वळव. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली, आणि तिच्यात धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही घेतले होते. पुढे त्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा प्रयोग झाला. नुसती एकदा एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये तो निबंध छापून आला आणि जगभरच्या धोरणांत त्याचा आधार घेतला गेला. तपासणी न मिळालेल्या गटाला वंचित ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वादही झाला. तोही वाच. आतड्याच्या कर्करोगावर असं काम मराठवाड्यात अजून व्हायचं आहे, आणि ते घरोघर जाणाऱ्या परिचारिका आणि आशाताईंवाचून होणार नाही.

जालन्याहून. भावाला सिरॉसिस आहे, हिपॅटायटिस बी मुळे. त्याच्या आतड्याचीही तपासणी करावी का?

यकृताचा आजार आहे एवढ्यावरून आतड्याची दुर्बीण लागत नाही. अपवाद आहे तो पित्तनलिका आकसण्याच्या एका आजाराचा. त्याच्या जोडीला आतड्याला जुनाट सूज असेल तर दर वर्षी कोलोनोस्कोपी करतात. भावाचं प्रकरण तसलं नाही. त्याच्या संडासवाटे रक्त गेलं तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका, सिरॉसिसमध्ये गुदाशयातल्या शिरा फुगून फुटू शकतात.

त्याला खरी गरज आहे ती दर सहा महिन्यांनी यकृताच्या सोनोग्राफीची, सोबत एएफपी ही रक्तचाचणी. शांघायमध्ये १८,८१६ लोकांवर झालेल्या अभ्यासात अशा तपासणीने यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू वर्षाला लाखामागे १३१.५ वरून ८३.२ वर आले. विषाणूवरच्या गोळ्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात, तिथे नाव नोंदवा आणि गोळ्या मनाने बंद करू नका. तुम्ही, भावजय आणि मुलं, सगळ्यांनी एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्तचाचणी, करून घ्या. निगेटिव्ह आलेल्यांनी लस घ्यायची आहे, तीन डोस.