धुळीतच जगतो, मग सिगारेट सोडून काय होणार?

"मॅडम, दिवसभर दगडाची भुकटी नाकातोंडात जाते. त्यात एका सिगारेटने असं काय बिघडणार?" दगडकाम, ओतकाम, पाडकाम करणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच घेतलं.

ग्राइंडरवर दगड घासणारे एक गृहस्थ (ओळख बदलली आहे) बायकोच्या आग्रहाखातर सिगारेट सोडण्यासाठी माझ्याकडे आले. पहिल्या भेटीत मी सिगारेटचा विषयच काढला नाही. माणसाला पटवायला गेलं की तो उलट बाजूची वकिली करतो, असं माझं ठाम मत आहे. धुळीबद्दलच विचारत गेले आणि ते भडाभडा बोलले. पाणी मारून कापायला वेळ लागतो म्हणून कोरडंच कापायचं, धूळ खेचणारा पंखा बंद, मास्क ढिला. राग रास्त होता. तसं मी म्हटलंही.

काही भेटींनंतर विचारलं, "सिगारेट ओढता कुठे?"

"तिथेच, मशीनपाशी. मास्क खाली करून."

बोलता बोलता ते थबकले. मी गप्पच राहिले. अशा वेळी गप्प राहणं जमायला वर्षं लागतात. मग म्हणाले, "धूळ मालकाची आहे, मॅडम. सिगारेट माझी."

धुळीवरचा राग इतके दिवस सिगारेटला आडोसा देत होता. कुणीतरी तो नीट ऐकून घेतला, तेव्हा कुठे आडोशाची गरज संपली.

आता मूळ प्रश्न. श्वासनलिकांच्या आतले सूक्ष्म केस झाडूसारखे धूळ कफासकट वर लोटतात. धुराने ते लुळे पडतात आणि धूळ आतच राहते. अ‍ॅस्बेस्टॉस (एक तंतुमय खनिज, त्याचीही धूळ फुफ्फुसात जाते) कामगारांवरच्या 1979 च्या गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात, ही धूळ आणि सिगारेट या दोन्हींपासून लांब असलेल्यांच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने सुमारे 5 पट, नुसत्या धूम्रपानाने 11 पट, आणि दोन्ही एकत्र आल्यावर 50 पटींहून जास्त आढळले. दगडाच्या धुळीतली सिलिकाही कर्करोगकारक ठरलेली आहे. सिलिकाने फुफ्फुसावर पडलेले व्रण सिगारेट सोडून भरत नाहीत, हेही सांगायला हवं. पण धुरामुळे श्वासाची ताकद ज्या वेगाने घटते तो वेग मंदावतो, आणि कुठल्याही वयात मंदावतो.

डॉक्टरांकडे गेलात तर सिगारेटसोबत धुळीतली वर्षंही सांगा, फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी करून घ्या. आणि सिगारेट सुटली म्हणून धुळीची तक्रार मागे घेऊ नका. "तू ओढतोस म्हणून खोकतोस," हे मालकाचं ठरलेलं उत्तर असतं. या गृहस्थांनी सिगारेट सुटल्यावर पाण्याची नळी मागितली, तेव्हा ते उत्तर देण्याची सोय राहिली नव्हती.