नुसत्या इन्सुलिनवर चरबीच्या पेशी का तयार होत नाहीत?

मानवी प्रीअ‍ॅडिपोसाइट्सना (चरबीच्या कच्च्या पेशींना) दहा दिवस फक्त इन्सुलिन दिलं, तेलाचे थेंब दिसेनात, पीपार-गॅमाही (पेशीला चरबीकडे वळवणारी जनुकं चालू करणारं मुख्य प्रथिन) हलला नाही. मग पेशीच खराब का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाहीत. तुमचं मिश्रण अर्धवट आहे.

कच्च्या पेशीवर इन्सुलिनचे रिसेप्टर (संदेश पकडणारी प्रथिनं) फार थोडे असतात. आपण डिशमध्ये भरमसाट ओततो ते इन्सुलिन सुरुवातीला बरंचसं आयजीएफ-१ या इन्सुलिनसारख्या वाढ-घटकाच्या रिसेप्टरवरून काम काढतं. आत एकेटी नावाचं एन्झाइम जागं होतं आणि फॉक्सओ१ या प्रथिनाला केंद्रकाबाहेर हाकलतं. हा फॉक्सओ१ पीपार-गॅमाला दाबून बसलेला असतो. म्हणजे इन्सुलिनने अडसर काढला, पण दार ढकलणारं कोणी हवं ना!

ते काम नेहमीच्या मिश्रणातली बाकीची दोन रसायनं करतात, आयबीएमएक्स आणि डेक्सामेथासोन. आयबीएमएक्स सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू मोडू देत नाही. तो साठला की क्रेब या प्रथिनामार्फत सीईबीपी-बीटा (हेही जनुकं चालू करणारं प्रथिन) चढतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कॉर्टिसॉलच्याच रिसेप्टरला बसतं, त्याने सीईबीपी-डेल्टा वाढतो. बीटा आणि डेल्टा मिळून पीपार-गॅमा आणि सीईबीपी-अल्फा सुरू करतात. पुढे हे दोघे एकमेकांना चालू ठेवतात, म्हणून डेक्सा आणि आयबीएमएक्स काही दिवसांनी काढून घेतले तरी पेशी माघारी फिरत नाही. पीपार-गॅमाचं वजन किती, तर १९९४ साली तो उंदराच्या साध्या फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीच्या पेशींमध्ये) घालून, त्याला चालना देणारं रसायन दिल्यावर त्यांच्या चरबीपेशी झाल्या होत्या. मानवी पेशी आळशी असतात, त्यामुळे सुरुवातीला रोझिग्लिटाझोन हे औषधही द्या. ते थेट पीपार-गॅमालाच चिकटतं.

आता मोजणी. सीईबीपी-बीटा काही तासांतच उसळतो, तो दहाव्या दिवशी शोधण्यात अर्थ नाही. अ‍ॅडिपोनेक्टिन (तयार चरबीपेशीचं प्रथिन) मात्र उशिराचं. आणि कृपा करून बीटा-अ‍ॅक्टिनवर (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचं जनुक, तुलनेला घेतात ते) आकडे बेतू नका. मी एकदा बेतले. सगळीच जनुकं वाढलेली दिसली, आठवडाभर खुशीत होतो. मग कळलं की अ‍ॅक्टिनच घसरलंय. साहजिकच आहे म्हणा: चातीसारखी लांबट पेशी गोल होते तेव्हा तिचा सांगाडाच बदलतो. आधी दोन-तीन संदर्भ-जनुकं तपासून जे स्थिर राहील ते घ्या.

३टी३-एल१ या पेशींचे प्रोटोकॉल जसेच्या तसे उचलू नका. उंदराच्या त्या पेशी मिश्रण मिळाल्यावर एक-दोनदा विभागतात, मग वळतात. मानवी प्राथमिक (थेट ऊतीतून काढलेल्या) पेशींना ती फेरी लागत नाही, डिश गच्च भरलेली असली की पुरे. माध्यम बदलताना सगळं ओढून घेऊ नका, थोडं खाली राहू द्या. थेंबांनी भरलेल्या पेशी अलगद सुटतात आणि वर तरंगत निघून जातात.

पेशी कितव्या पॅसेजच्या (किती वेळा नव्या डिशमध्ये हलवलेल्या) आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. बरेच पॅसेज झाले असतील तर वरचं सगळं करूनही थेंब तुरळकच येतील. आकडा कळवा, मग बोलू.