वारली माणूस उभाच का राहतो?

प्रिय ओवी,

आज्जीने औशाहून तुझ्या चित्राचा फोटो पाठवला आणि तुझे दोन प्रश्नही कळवले. गावच्या झेडपी शाळेच्या भिंतीवरची काड्यांची माणसं आपली का? आणि तू काढलीस की ती नुसती उभीच का राहतात?

आपली म्हणजे मराठवाड्याची, तर नाहीत. ती वारली आदिवासींची, तिकडे डहाणू-तलासरीकडची. आज्जी नागपंचमीला भिंतीवर नाग काढते ना, तसा वारल्यांकडे लग्नघरी सवाष्णी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, काढतात. मधोमध त्यांची पालघट देवी. हे काम बायकांचंच.

त्यात शिरलेला पुरुष म्हणजे जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४चा, राहणं डहाणू तालुक्यातल्या गंजाडचं. सात वर्षांचे असताना आई गेली आणि त्यांचं बोलणंच थांबलं. काही सांगायचं असलं की मातीत बोटाने चित्र काढायचे. पुढे १९७०च्या सुमाराला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार कागद-रंग घेऊन त्या पाड्यांवर पोचले. तोवर चित्र भिंतीवर, तेही लग्नापुरतं. जिव्यांनी मात्र लग्न असो-नसो रोज काढायला सुरुवात केली. १९७५ला मुंबईत प्रदर्शन झालं, २०११ला पद्मश्री मिळाली, २०१८च्या मे महिन्यात ते गेले. पुरस्कारांची यादी मोठी आहे, पण तुझ्या कामाचं त्यात काही नाही. त्यांचं मासे धरायचं जाळं बघ. अख्खा कागद बारीक रेघांनी भरलेला, आणि तरी ते जाळं पाण्यात हलतंय असं वाटतं.

आता तुझी माणसं. वारली माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. तू दोन्ही त्रिकोण एकाच उभ्या रेषेत ठेवलेस. अशाने माणूस खांबासारखा राहणार. कमरेचा ठिपका आधी दे. खालचा छोटा त्रिकोण त्या ठिपक्याला टोक लावून. वरचा त्याच टोकावर, पण जायच्या दिशेला थोडा कललेला. डोकं मधोमध बसवू नको, तेही पुढे सरकव. गुडघे मोडून दाखव, एक पाय मागे. टोकं एकमेकांना जेमतेम टेकली पाहिजेत. तिथे जाड झालं की कंबर जाते आणि माणूस डमरूसारखा दिसतो.

रंग घरचाच कर. आधी गेरू. दोन चमचे गेरूत बाभळीच्या डिंकाचं एक चमचा पाणी घाल, मग लागेल तसं साधं पाणी. डिंक विसरलीस तर वाळल्यावर गेरू हाताला येतो आणि पांढऱ्यात मिसळून तुझी माणसं गुलाबी होतात. खाकी कागदाच्या चारही कडा पाटाला चिकटपट्टीने लाव, नाहीतर ओला कागद फुगतो. गेरू नीट वाळू दे.

पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ, वस्त्रगाळ. ज्वारीचं घेऊ नको, मळकट दिसतं. दोन चमचे पिठाला साधारण तीन चमचे पाणी आणि डिंकाचे चार-पाच थेंब. काडीवरून थेंब ओघळला पाहिजे, पण पळायला नको. घट्ट झालं तर वाळून तडकतं आणि पोपडे निघतात. ओली रेघ फिकीच दिसते, ती वाळल्यावर पांढरी होते. तिथेच सगळे फसतात. फिकी दिसली म्हणून वरून पुन्हा गिरवतात आणि रेघ बोटाएवढी जाड होते. पाच मिनिटं थांब.

ब्रश नको. वेळूची काडी घे, टोक चावून तंतू मोकळे कर. (आज्जी ओरडेल. आधी धुऊन घे.)

आपलं चित्र हवं असेल तर पैठणची चित्रकथी आहे. गोष्ट सांगताना एकेक पान दाखवायचे. ठसठशीत काळी रेघ, बाजूने दिसणारे चेहरे, भलेमोठे डोळे. पण ते वेगळं पत्र.

वारल्यांचा तारपा नाच काढणार असशील तर आधी मधे तारपा, म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा काढ. मग त्याच्याभोवती माणसांची साखळी, आतून बाहेर उलगडत जाणारी, हात एकमेकांच्या कमरेला. नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ करायची नसते. तुझ्या चित्रात शेवटच्या तिघांनी केली आहे.

तुझा,
बाबा