ब्रोमेलियाडचं फूल सुकलं, आता झाड टाकायचं का?

प्रश्न (ठाणे): नर्सरीतून लाल गुझमानिया (ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातलं शोभेचं झाड) आणलं होतं. दोन-अडीच महिने तुरा मस्त होता, आता तपकिरी पडलाय आणि खालची पानंही मलूल दिसतायत. रोज पाणी घालते, खतही दिलं. काय चुकलं? टाकून देऊ का?

उत्तर: ताई, टाकू अजिबात नका! गुझमानियाच्या एका गाभ्याला आयुष्यात एकदाच फूल येतं, आपल्या केळीचं कसं असतं तसंच, आणि मग ते मूळ झाड हळूहळू, कित्येक महिने घेत संपतं. पण संपता संपता बुडाशी पिल्लं सोडतं. जरा खालची पानं बाजूला करून बघा, हिरवा टोकदार कोंब दिसेल. सुकलेला दांडा जमेल तितका खालून कापा आणि आईला तशीच राहू द्या, कारण पिल्लू तिच्यावरच पोसलं जातं. घाई करून बोटाएवढं पिल्लू काढलं की ते बहुतेक वेळा जगत नाही. आईच्या निम्म्याएवढं झालं की स्वच्छ धारदार सुरीने बुडापासून वेगळं करा आणि छोट्या कुंडीत लावा. नुसती माती नको, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडं परलाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे), म्हणजे पाणी खाली लगेच निघून जाईल. ही झाडं मूळची अमेरिका खंडातली, बरीचशी तिकडे जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतात, मुळांचं काम मुख्यतः धरून ठेवायचं. म्हणून रोज कुंडीत पाणी घालणं मात्र बंद करा, मुळं कुजतात. पाणी पानांच्या मधल्या वाटीत थोडंसं, आणि कुंडीत वरचा थर सुकल्यावरच.

पिल्लाला फूल यायला साधारण दोन-तीन वर्षं धरा. झाड पूर्ण वाढलं तरी फुलत नसेल तर वाटीतलं पाणी ओतून टाका, एक पिकलेलं सफरचंद कुंडीजवळ ठेवा आणि सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून सावलीत आठवडाभर ठेवा. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने झाड फुलायला लागतं, तुरा दिसायला पुढे दोन-तीन महिने लागतात. अननसही याच कुळातला, शेतकरी त्याला एकदम फूल यावं म्हणून इथेफॉन (इथिलीन सोडणारं औषध) वापरतात ते याच तत्त्वावर. झाड लहान असताना हा प्रयोग करू नका प्लीज, जीव नसतो त्यात तेवढा.

प्रश्न (नागपूर): बाल्कनीत दुपारपर्यंत ऊन असतं. कुठलं ब्रोमेलियाड घ्यावं?

उत्तर: सोपी खूण सांगते, पान मऊ आणि कडा गुळगुळीत असेल (गुझमानिया, व्रिसिया) तर सावली, पान जाड आणि कडेला काटे असतील (एकमिया, निओरेगेलिया) तर जास्त उजेड चालतो. पण नागपूरचं एप्रिल-मे मधलं ऊन कुणालाच झेपणार नाही, तेव्हा शेडनेट हवीच. घेताना तुऱ्याच्या रंगावर भुलू नका, रंगीत पाकळ्या वाटतात ती खरं तर पानंच असतात, त्यांच्या आतून छोटी फुलं डोकावतात. ती अजून कळीत असतील तर झाड ताजं, सगळी सुकून काळी पडली असतील तर शोभा थोडेच दिवस राहणार. मधली पानं हळूच ओढून बघा, हातात आली किंवा कुजका वास आला तर सोडून द्या. आणि बुडाशी पिल्लू असलेली कुंडी मिळाली तर तीच उचला, दोन पैसे जास्त गेले तरी.

प्रश्न (पुणे): वाटीत साचलेल्या पाण्यात डास होतात का? घरात लहान मूल आहे.

उत्तर: हो, होतात, डेंग्यूचा डाससुद्धा अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून दोनदा कुंडी आडवी करून जुनं पाणी पूर्ण ओता, नळीने आतून जोरात धुवा, मग नवं घाला. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, बोअरच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात. वाटीत तेल-रॉकेल टाकू नका, आणि कॉपर असलेलं बुरशीनाशक तर जवळही नको, ब्रोमेलियाडला तांबं सोसत नाही. पावसाळ्यात दोनदा ओतणं जमणार नसेल तर वाटी रिकामीच ठेवा, कुंडीतल्या ओलाव्यावर झाड निभावून नेतं.