बँडविड्थ संपत नाही हो!

पुण्यातल्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना सामाईक वाय-फायची सूचना मराठीत लावायची आहे. कच्चा मजकूर असा: ‘प्रत्येकाची बँडविड्थ व कनेक्शन मर्यादित केली आहेत. बँडविड्थ संपल्यास दुसऱ्या दिवशी मिळेल.’ बँडविड्थला चांगला मराठी शब्द सुचवा, एवढंच त्यांचं मागणं.

आधी ते ‘संपल्यास’ खोडा. गेली काही वर्षं मी हे रोज ऐकतोय आणि रोज दात-ओठ खातोय. रस्त्याची रुंदी संपते का? पावसाळ्यात पेपर उघडला की दोन आकडे दिसतात. धरणात इतके टीएमसी साठा, धरणातून इतके क्युसेक विसर्ग. टीएमसी म्हणजे किती पाणी, क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती. ‘आमचे क्युसेक संपले’ असं कोणी म्हणालं तर शेतकरी त्याला बांधावर उभा करणार नाही. बँडविड्थ हा तुमचा क्युसेक. संपतो तो डेटा, रोजचा कोटा. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण वेगाने चालली तर दीड जीबीचा कोटा दोन मिनिटांत उडतो. बँडविड्थ मात्र जागच्या जागी १०० मेगाबिट. (मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे, हेही फलकावर लिहा, म्हणजे ‘१०० सांगता आणि १२ देता’ ही भांडणं थांबतील.)

आणि ‘सध्या माझ्याकडे बँडविड्थ नाही’ म्हणणारे जे साहेबलोक आहेत, त्यांच्यासाठी ‘सवड’ नावाचा तीन अक्षरांचा शब्द मराठीत फुकट मिळतो.

आता भाषांतराचं. परिभाषेचे उत्साही कारागीर लगेच ‘पट्टरुंदी’ घेऊन येतील. रेडिओत ते शब्दशः बरोबर आहे. तिथे खरोखरच लहरींचा एक पट्टा असतो आणि त्याची रुंदी हर्ट्‌झमध्ये मोजतात. जुन्या टेलिफोनचा आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झमध्ये बसवलेला असे, म्हणजे रुंदी ३,१००. पण तुम्ही राउटरमध्ये ‘प्रत्येकी ४ मेगाबिट’ असा आकडा टाकता तेव्हा कुठलाही पट्टा अरुंद होत नाही. जास्त घाई करणाऱ्याची पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, थोडा वेळ रोखली जातात किंवा टाकून दिली जातात, एवढंच. तिथे पट्टरुंदी लिहिणं म्हणजे नळाला नदीचं पात्र म्हणणं. ‘वेग’ लिहा. फारच शास्त्रीय दिसायचं असेल तर कालव्याच्या कागदपत्रांतला ‘वहनक्षमता’ घ्या.

पण मुळात शब्द रुंदीसाठी शोधायचाच कशाला? एक लाइन आणि साठ पोरं, हा प्रश्न रुंदीचा नाही, पाळीचा आहे. आणि पाळी हा शब्द असा आहे की त्यावरून मी घरदार ओवाळून टाकीन!

संस्कृतात पालि म्हणजे कड, ओळ, रांग. कानाची कड ती कर्णपालि, म्हणजे आपली कानाची पाळी. ग्रंथातली ओळ, पुढे मूळ पाठ, त्यावरून बौद्ध ग्रंथांच्या भाषेचं नाव पाली. रांगेतला क्रम ती पाळी. मग गिरणीची रात्रपाळी आली, कुळवाच्या दोन पाळ्या आल्या, मासिक पाळी आली. कांद्याला पाण्याच्या किती पाळ्या दिल्या, हे तर आजही कोणीही विचारतो. कान, त्रिपिटक, गिरणी आणि कांदा एका ओळीत बसवणारा दुसरा शब्द दाखवा. ‘नियम पाळायचा म्हणून पाळी’ अशी व्युत्पत्ती सांगणारे एक गृहस्थ मला दर दोन महिन्यांनी भेटतात. पाळणे आलं पालयति वरून, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. त्यांना हे चारदा सांगून झालंय.

आता माझा लाडका सिद्धान्त. आळीपाळी. व्याकरणवाले म्हणतात, यातला ‘आळी’ निरर्थक. आजूबाजूतल्या ‘आजू’सारखा नुसता नादासाठी जोडलेला. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. ‘आजू’चा पत्ता कोणी देऊ शकतं का? आळीचा मी देतो: कसबा पेठ, तांबट आळी. संस्कृत आलि म्हणजेही ओळ, रांग. घरांची रांग ती आळी. तेव्हा आळीपाळी म्हणजे ओळीला ओळ, दोन सख्ख्या बहिणी हातात हात घालून उभ्या. पुरावा काय, असं विचारतात. अहो, दोन्ही शब्द जिवंत, दोघांचा अर्थ एक, आणि जोडी नुसत्या नादासाठी जमली म्हणता? पुरावा तुम्ही द्या.

पाळी म्हणजे काय ते मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, मामाकडे पाहिलं. पांझरेच्या बंधाऱ्यावरची फड पद्धत: नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या, आणि फडाला, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या गटाला, पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मी त्याच्यामागे चाललेलो. त्याने फावड्याच्या एका घावात चारीचं दारं, म्हणजे शेतात पाणी सोडायचं मातीचं तोंड, मोडलं. पाणी आत शिरलं आणि कोरड्या सरीतून सूंऽऽ असा आवाज आला. सरी भरली तसा दोन फावडी चिखल आणि मूठभर पाचट टाकून दारं बंद, पुढचं मोडलं. शेत मामाचं आहे की मामाच्या वैऱ्याचं, हे त्याने एकदाही पाहिलं नाही. ओळीने चालला होता.

सरकारी कालव्यांवर हीच रीत शेजपाळी नावाने चालते, बहुधा टेलकडून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून, सुरुवात करून, कारण तोंडाजवळच्या हेडवाल्याच्या हाती आधी पाणी दिलं की टेलला थेंब पोहोचत नाही. पंजाब-हरियाणात तिला वारबंदी म्हणतात. तो ‘वार’ही पाळीच, सोमवार म्हणजे सोमाची पाळी. पण त्यात शिरलो तर रात्र होईल.

गंमत म्हणजे संगणकवाल्यांनाही शेवटी पाटकऱ्याकडेच यावं लागलं. १९८५ साली जॉन नेगल या अभियंत्याने मांडलं की सगळ्यांची पॅकेटं एकाच रांगेत उभी करू नका. प्रत्येक संगणकाची रांग वेगळी ठेवा आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. मग अधाशी माणूस कितीही पॅकेटं कोंबो, त्याची स्वतःचीच रांग लांबते, शेजाऱ्याची नाही. याला इंग्रजीत राउंड रॉबिन म्हणतात, आणि आपली मुलं परीक्षेत तेच घोकतात. त्यात रॉबिन पक्षी नाही. बंडखोर खलाशी अर्जावर गोलाकार सह्या करत, म्हणजे पहिली सही कोणाची ते कप्तानाला कळू नये, त्या अर्जाचं ते नाव. आळीपाळी समोर असताना आम्ही खलाशांचं बंड पाठ करतो!

हां, कनेक्शनचं राहिलं. त्याला नवा मराठी शब्द कशाला हवा? ‘जोडणी’ आहेच, म्हणजे तुमच्या यंत्राचा दूरच्या एखाद्या संगणकाशी चाललेला एक संवाद. पण मर्यादा का घालायची ते मुलांना सांगा, कारण तीच गोष्ट त्यांना चोरीसारखी वाटते. साध्या, पाळी न लावलेल्या लाइनवर वाटणी साधारण जोडणीमागे होते, माणसामागे नाही. समजा, एकजण एक फाइल उतरवतोय, त्याची एक जोडणी. दुसऱ्याने टॉरेंट लावलंय, म्हणजे एकच फाइल अनेकांकडून एकदम ओढतोय, त्याच्या पन्नास. लाइनचे एक्कावन्न वाटे पडले, त्यातले पन्नास एकट्याच्या घशात. म्हणजे एकाच वाफ्याला पन्नास दारं मोडून ठेवण्यासारखं. पाटकरी फावडं घेऊन धावला असता. फार जोडण्या झाल्या तर राउटरची नोंदवहीही भरते आणि मग नव्या कोणालाच आत घेता येत नाही. मुलं तेव्हा ‘नेट गेलं’ म्हणतात, नेट जागेवरच असतं.

तर व्यवस्थापकसाहेब, फलकावर हे लावा:

‘एका विद्यार्थ्याला एका वेळी जास्तीत जास्त १०० जोडण्या. गर्दीच्या वेळी वेग सर्वांना आळीपाळीने मिळेल. रोजचा डेटा संपल्यास दुसऱ्या दिवशी मिळेल.’

१०० हा आकडा मी अंदाजाने टाकलाय, तुमच्या राउटरच्या कुवतीप्रमाणे बदला. ‘आळीपाळीने’ बदलू नका. आणि ‘आळी’ निरर्थक आहे असं कोणी वाचणारा म्हणालाच, तर त्याला माझ्याकडे पाठवा.