ड्रम बदलू की दुरुस्त करू?

प्रश्न : दादा, सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं पितळी घंट्या-घुंगरू पॉलिश करायचं छोटं काम आहे. फिरता ड्रम आठ वर्षं जुना, आता खरखर वाजतो, पाणी गळतं, मालावर काळपट डाग राहतात. गड्ड्याच्या जत्रेआधी माल द्यायचाय, नवाच घेऊ का?

उत्तर : अहो थांबा, लगेच पैसे घालवू नका. मेन स्विच बंद करा, ड्रम रिकामा करा आणि आतल्या रबरावर बोट फिरवा, कुठं खरबरीत लोखंड लागलं की समजा डाग तिथूनच येतायत, कारण ओल्यात उघडं लोखंड गंजतं आणि तो गंज मालाला लागतो. पत्रा धड असेल तर नवं रबर चिकटवून घ्या, पण सांध्याजवळ हलकं ठोकल्यावर पत्रा दबला तर मग वेल्डिंगच्या नादी लागू नका, ड्रमच नवा करा, मोटर तीच चालेल. खरखरीचं म्हणाल तर पट्टा काढून शाफ्ट हातानं फिरवा, अडखळला की बेअरिंग गेलं, ते पॉवरलूमवाल्यांच्या मेकॅनिककडं सहज बदलून मिळतं.

आणि एक, ड्रम गच्च भरताय का? अर्ध्याच्या थोडं वर, बास. लिंबूसत्त्व पण चिमूटभरच घाला, जास्त झालं की पितळातलं वरवरचं जस्त निघून तांबं उघडं पडतं आणि घुंगरू गुलाबी दिसायला लागतात, मग गिऱ्हाईक विचारतं हे तांब्याचं का म्हणून!