रेडिओलॉजीत गेलं की सुटले का प्रश्न?

इंदूरच्या रामबागेतून एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी लिहिते: कॅन्सर पसरलेल्या पेशंटच्या मुलानं हात जोडून सांगितलं, ‘बाबूजी को मत बताना.’ संध्याकाळी बाबूजींनीच विचारलं, ‘बेटा, ठीक हो जाऊँगा ना?’ मी नुसती फाइल चाळत राहिले. घरचे म्हणतात रेडिओलॉजी घे, तिथे ही भानगड नाही. मला पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातल्या पेशंटच्या वेदना आणि त्रास कमी करण्याचं काम) करावंसं वाटतं. मी फार हळवी आहे का?

प्रिय मुली,

तू हळवी आहेस आणि त्यात काही वाईट नाही. निदान सांगणं विद्यार्थिनीचं काम नाही, पण पेशंटचा प्रश्न युनिटच्या सरांपर्यंत पोचवणं नक्कीच आहे. ‘सर, ते स्वतः विचारताहेत,’ एवढंच सांगायचं. मग त्यांनी पेशंटजवळ बसून विचारावं, ‘आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ काही जण म्हणतात, मुलाशीच बोला. तेही मान्य, पण हे पेशंटनं ठरवायचं, मुलानं परस्पर नाही. त्या मुलावर मात्र रागावू नकोस. तो घाबरलाय.

रेडिओलॉजीबद्दल घरच्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. सोनोग्राफीच्या खोलीत सासू दबक्या आवाजात ‘लड़का है ना?’ विचारते, तेव्हा १९९४चा लिंगनिदानविरोधी कायदा पाळायचा असतो तो तिथल्या डॉक्टरलाच. प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा फॉर्म एफ भरून सही करायची, आणि ओळखीच्या माणसालाही नाही म्हणायचं. एक्सरे, एमआरआय वाचायची खरी आवड असेल तर जरूर घे. पळवाट म्हणून घेऊ नकोस.

पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये एमडी करता येतं, हे घरी सांग. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ते २०१२ला सुरू झालं. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टानं सन्मानानं मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, २०२३मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. कोर्टानं हक्क दिला, पण पेशंटशी आणि घरच्यांशी हे शांतपणे बोलणारे डॉक्टर अजून फार कमी आहेत. मला त्याचीच काळजी वाटते.

तरी एका संध्याकाळवरून आयुष्याचा निर्णय घेऊ नकोस. परीक्षा झाली की एखाद्या पॅलिएटिव्ह टीमबरोबर काही दिवस फिर. तिथे गंभीर संभाषणांपेक्षा बेडसोअरचं (पडून राहून होणाऱ्या जखमांचं) ड्रेसिंग, वेदना कमी करणाऱ्या मॉर्फिनचे डोस आणि त्यानं होणारी बद्धकोष्ठता हेच जास्त असतं. ते करून पुन्हा दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर आईबाबांसमोर ठाम राहा.